आंब्याच्या बागेतला रोबोट आणि उबंटूची आवृत्ती: २०.०४, २२.०४ की २४.०४?

कातळावरचा
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर देवगड तालुक्यात. आम्ही चौघं मिळून प्रोजेक्ट म्हणून एक चाकांची गाडी करतोय. एप्रिल-मे मध्ये आंबा उतरला की भरलेले क्रेट कलमापासून पॅकिंगच्या शेडपर्यंत डोक्यावरून आणावे लागतात. एक क्रेट वीसेक किलोचा, वाट जांभ्याची, त्यात चढ. बाबांची कंबर गेल्या दोन हंगामांत पार गेली आहे. गाडीने दोन क्रेट घेऊन शेडपर्यंत आपोआप यावं, एवढंच आमचं ध्येय.

आमच्याकडे रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, लेझरने अंतर मोजणारा आरपीलिडार ए१, मोटर चालवायला आर्डुइनो, आणि माझा लॅपटॉप आहे: आय५, ८ जीबी रॅम, विंडोज ११च्या शेजारी उबंटू, म्हणजे लिनक्स. दोन वर्षांपूर्वीच्या सिनियरांनी त्यांचा कोड दिलाय. तो रॉस या रोबोटच्या सॉफ्टवेअरच्या नोएटिक आवृत्तीवर, म्हणजे उबंटू २०.०४वर चालायचा. नेटवर जे धडे मिळतात त्यांतले बहुतेक रॉस २ हंबलचे, म्हणजे २२.०४चे. आणि मी मात्र नवीन ते चांगलं असं समजून गेल्या आठवड्यात २४.०४ टाकून बसलो. आता हंबल टाकायला गेलं की "पॅकेज सापडत नाही" एवढंच उत्तर येतं. तीन संध्याकाळी यातच गेल्या.

तर नक्की कोणती आवृत्ती घ्यावी? घरी नेटवर्कला सड्यावर जावं लागतं, त्यामुळे मोठं काही उतरवायचं तर होस्टेललाच. दोनदा चुकायची सोय नाही.

जुना_पेंग्विन
२२.०४ आणि हंबल. डोळे मिटून. २४.०४ पुसून टाक.

मास्तर_राजापूर
पेंग्विनकाकांनी उत्तर दिलं, मी कारण सांगतो, कारण तुझ्या तीन संध्याकाळी त्या कारणापायी गेल्या.

रॉसची प्रत्येक आवृत्ती उबंटूच्या एका ठरावीक आवृत्तीसाठी बांधून ठेवलेली असते. नोएटिक २०.०४साठी, हंबल २२.०४साठी, जॅझी २४.०४साठी. तू "इन्स्टॉल" म्हणतोस तेव्हा आधीच बांधून तयार असलेली फाईल उतरते, आणि ती त्या-त्या उबंटूतल्या लायब्रऱ्यांच्या मापानेच कापलेली असते. साधं पायथनचंच बघ. २०.०४मध्ये ३.८, २२.०४मध्ये ३.१०, २४.०४मध्ये ३.१२. एका दाराचं बिजागर दुसऱ्या दाराला लावायला गेलं तर भोकं जुळत नाहीत, तसलाच प्रकार. म्हणून २४.०४च्या भांडारात हंबलची फाईल ठेवलेलीच नाही, आणि "सापडत नाही" हा निरोप शब्दशः खरा आहे. तुझं काही चुकलेलं नाही.

नोएटिक मात्र डोक्यातून काढ. मे २०२५ मध्ये त्याचा आधार संपला, आणि उबंटू २०.०४चे नेहमीचे मोफत अपडेटही त्याच महिन्यात थांबले. सिनियरांचा कोड वाचायला ठेव, गाडी कशी वळवली, मोटरचा वेग सांभाळणारे पीआयडीचे आकडे काय होते ते त्यातून घे. त्यावर नवीन घर बांधू नकोस.

सुपारीची_बाग
मला यातलं काही कळत नाही, पण आमचीही बाग आहे म्हणून वाचतेय. एक शंका. रॉस म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम असं गूगलवर दिसलं. मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या खाली पुन्हा उबंटू कशाला?

खाडीकाठ
सुपारीची_बाग, ताई, ही शंका माझ्या ऑफिसात दरवर्षी नवीन येणारी मुलंही विचारतात. नाव फसवं आहे. रॉस ही खरी ऑपरेटिंग सिस्टीम नाही. फाईली, मेमरी, यूएसबी हे सगळं उबंटूच सांभाळतं. रॉस त्याच्या वर बसून रोबोटच्या निरनिराळ्या भागांचं एकमेकांशी बोलणं लावून देतं. लिडार म्हणतो "समोर दीड मीटरवर काहीतरी आहे", नकाशा करणारा प्रोग्राम ते ऐकतो, चाकं चालवणारा तिसराच प्रोग्राम त्यावरून थांबतो. या बोलण्याची पद्धत, आणि सोबत तयार हत्यारांची पेटी, म्हणजे रॉस. २००७च्या सुमारास अमेरिकेत विलो गॅरेज नावाच्या प्रयोगशाळेत ते वाढीला लागलं. रॉस २ची पहिली आवृत्ती डिसेंबर २०१७ची.

आता कातळावरचा, तुझ्यासाठी. मी पुण्यात गोदामातल्या गाड्यांवर काम करते, माहेर भाट्याच्या खाडीकाठचं. उबंटूची आवृत्ती निवडायचीच नसते रे. ती आपोआप ठरते. तुझ्याकडे जे बदलता येत नाही ते आधी कागदावर लिही: बोर्ड नेमका कोणता, त्यावर कोणतं उबंटू चालतं, लिडारचा ड्रायव्हर कोणत्या रॉसवर आहे, पुढेमागे कॅमेरा लावणार असाल तर त्याचंही तेच. खालून वर यायचं. सगळ्यांना चालेल असं जे एकच उरेल ते घ्यायचं.

"रास्पबेरी पाय" एवढंच लिहिलं आहेस. कोणता? ४ की ५? रॅम किती? हे सांगितल्याशिवाय मी काही सुचवणार नाही.

बाणकोटची_वाळू
अवांतर: हंबलचं पूर्ण नाव हंबल हॉक्सबिल. हॉक्सबिल हे कासव! रॉसच्या आवृत्त्यांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने कासवांची नावं देतात. रॉस २ची नवी आवृत्ती हल्ली २३ मेला निघते, तो जागतिक कासव दिन. आणि शिकताना पहिला धडा असतो तोही पडद्यावर कासव चालवण्याचा.

आम्ही वेळासच्या बाजूचे, आमच्याकडे ऑलिव्ह रिडले येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे अंडी राखायला सुरुवात केली, आता गाववालेच ते सांभाळतात. अंडी उबायला पंचेचाळीस ते साठ दिवस. टोपली उचलली की मुठीएवढी पिल्लं वाळू झाडत समुद्राकडे निघतात, आणि बघणारा माणूस श्वास धरून उभा राहतो. माझ्या लेकीने पडद्यावरचं ते कासव चालवलं तेव्हा म्हणाली, "आई, हे पाण्याकडे का जात नाही?" मग दोघींनी बसून त्याला पडद्याच्या कडेपर्यंत नेलं.

निळी_होडी
बाणकोटची_वाळू, काय सुंदर लिहिलंत. मार्चमध्ये येतो बघायला.

मूळ मुद्द्यावर पेंग्विनकाकांशी माझं जमत नाही. हंबलचा आधार मे २०२७ला संपतो, जॅझीचा मे २०२९ला. हा मुलगा पुढच्या वर्षी पास होऊन जाईल. त्याच्या मागून येणाऱ्या ज्युनियरांच्या हातात पुन्हा तेच पडणार जे आज याच्या हातात नोएटिकच्या रूपाने पडलंय. २४.०४ टाकून झालंच आहे, तर जॅझी टाक आणि कामाला लाग.

२२.०४वर मी स्वतः भोगलंय ते सांगतो. आम्ही वेंगुर्ल्याला खाडीची खोली मोजणारी छोटी होडी केली होती. आर्डुइनो नॅनो स्वस्तातला, सीएच३४० चिप असलेला. लॅपटॉपला लावला की क्षणभर दिसायचा आणि गायब. वायर बदलली, बोर्ड बदलला, शेवटी मित्राने सिस्टीमचा लॉग उघडून दाखवला. २२.०४मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेची सेवा असते, बीआरएलटीटीवाय नावाची. ती त्या चिपला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेत होती! आमच्यापैकी कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नव्हतं, म्हणून ती सेवा काढली आणि पोर्ट जागेवर आला. दोन रविवार गेले त्यात, ओहोटीची वेळ साधून होडी पाण्यात घालायची होती ती राहिलीच.

जुना_पेंग्विन
निळी_होडी, ब्रेलचा किस्सा खरा आहे, माझ्याकडेही झालाय. पण त्याचं उत्तर एका शोधात मिळालं ना? मी हंबल म्हणतो ते त्याचसाठी. रात्री एक वाजता पोराचं काही अडलं तर उत्तर हंबलचं मिळतं. शिकवण्या हंबलच्या, सोडवलेले घोळ हंबलचे. नवीन आवृत्तीत चूक आपली की तिची, हेच नवशिक्याला कळत नाही.

दुसरं, गॅझिबो. गाडी प्रत्यक्ष करण्याआधी कॉम्प्युटरवर चालवून बघणार असशील. जुन्या धड्यांतलं गॅझिबो क्लासिक जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलं, पण हंबलवर ते अजून चालतं. जॅझीबरोबर येतं ते नवं गॅझिबो, हार्मोनिक. तिथे जुन्या फाईली तशाच्या तशा चालत नाहीत, प्लगइनची नावंसुद्धा वेगळी.

आणि लॅपटॉप नवा असेल तर २२.०४.५चीच फाईल उतरव. पहिल्या २२.०४मध्ये कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ५.१५ होता, त्याला नव्या लॅपटॉपचं वायफाय कधीकधी ओळखत नाही. ०४.५मध्ये ६.८ आहे.

मास्तर_राजापूर
पुसापुशी करण्याआधी एक. विंडोज ११मध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घे. मोबाईलमध्ये नको, कागदावर. आमच्या लॅबमध्ये एका मुलीने बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं आणि पुढच्या वेळी विंडोजने अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली. तिच्याकडे ती नव्हती. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्याच लॅपटॉपवर. सुदैवाने किल्ली तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, पण तो अर्धा तास ती पोर कशी बसली होती ते मी विसरलो नाही.

डबाबंद
अरे तुम्ही सगळे पुसायला का निघालात? डॉकर वापरा! २४.०४ आहे तसंच राहू दे. डॉकरच्या डब्यात २२.०४ आणि हंबल आयतं मिळतं. डबा बिघडला तर फेकून नवा. माझ्या एकाच मशिनवर नोएटिक, हंबल, जॅझी तिन्ही नांदतात.

खाडीकाठ
डबाबंद, आमच्या कंपनीतही डॉकरच आहे, आणि सिनियरांचा नोएटिकचा कोड एकदा चालताना बघायचा असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. पण या मुलाचा विचार कर. ८ जीबी रॅम, पहिल्यांदाच लिनक्स. डब्याच्या आत लिडारचा पोर्ट द्यायला वेगळं सांगावं लागतं, डब्यातली खिडकी बाहेर दाखवायला वेगळं, डब्यातून नेटवर्कवर बोलायला होस्ट नेटवर्क लावावं लागतं. काहीतरी चालेनासं झालं की दोष रॉसचा, डॉकरचा की तारेचा, हे त्याला कोण सांगणार? आधी उघड्यावर शिकू दे. डबा दुसऱ्या वर्षी.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलचंही तेच. धडे करायला ठीक. पण यूएसबी आत न्यायला वेगळं साधन लागतं, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये लॅपटॉप आणि पाय एकमेकांना शोधतच नाहीत, कारण डब्ल्यूएसएल आपल्या वेगळ्या नेटवर्कच्या आड असतं.

डबाबंद
मान्य. पण मग निदान पायच्या एसडी कार्डाची तरी कॉपी करून ठेवा.

वीज_गेली
डबाबंदना शंभर टक्के अनुमोदन. माझं ऐका. गेल्या पावसाळ्यात माझ्या २२.०४वर एक खिडकी आली, "नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, अपग्रेड करू का?" मी होय म्हटलं. हंबल त्यावर दीड वर्षं उत्तम चाललं होतं. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली. आमच्या वाडीत जुलैमध्ये ती जाणारच, बॅटरीही जुनी. मशिन कसंबसं उठलं, पण रॉसचं भांडार अपग्रेडने बंद करून टाकलं होतं, पायथन ३.१२ झालेलं, आणि माझा एकही नोड, म्हणजे रॉसवरचा प्रोग्राम, सुरू होईना. नंतर कळलं की वीज राहिली असती तरी हंबल मोडणारच होतं.

तेव्हापासून पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन नव्या आवृत्तीची सूचना "कधीही नाही" करणे. सुरक्षेचे अपडेट घ्या, आवृत्ती बदलू नका. आणि गाडी चालू लागली त्या दिवशी एसडी कार्डाची प्रतिमा लॅपटॉपवर घ्या. खारी हवा आणि विजेचे झटके यात कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही.

मालवणी_मसालो
ह्या उबंटूतला माका काय कळणा नाय, पण हल्ली क्रेट उचलूक गडी गावनत नाय, ता मात्र खरा. मे म्हयन्यात गावाक येतलंय, तेव्हा तुझी गाडी बघूची आसा. आमच्या बागेत चढ जास्त, तुका चालत काय बघ.

सुपारीची_बाग
हो ना. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणाली होती, काठीला जाळी आणि पातं लावून काय होणार? आता त्याच्याशिवाय देठासकट फळ कुणी उतरवत नाही. उतरवण्याचं झालं, वाहण्याचं मात्र तसंच राहिलं. बाळा, तू हे कर.

कातळावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं. मालवणी_मसालो, नक्की दाखवतो, चढाचं गणित अजून चालू आहे.

खाडीकाठताई, तुम्ही विचारलं म्हणून आज लॅबमध्ये जाऊन बोर्ड हातात घेऊन बघितला. मी इतके दिवस पाय ४ समजत होतो, कारण सिनियरांकडे तो होता. आमच्यासाठी कॉलेजने नवीन घेतलाय. बोर्डावर स्पष्ट लिहिलंय, रास्पबेरी पाय ५. ८ जीबी. यूएसबीचे पोर्ट आणि लॅनचं तोंडही सिनियरांच्या फोटोपेक्षा उलट बाजूंना आहेत, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. याने काही फरक पडतो का?

खाडीकाठ
पडतो, आणि सगळा पडतो. सुटला तुझा प्रश्न.

पाय ५ला उबंटूचा आधार २३.१०पासून पुढे आहे. २२.०४ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. २३.१० तर नऊ महिन्यांची अल्पायुषी आवृत्ती, ती कधीच संपली. म्हणजे दीर्घ मुदतीची म्हणून तुझ्या बोर्डाला २४.०४. २४.०४ला जॅझी. आणि लॅपटॉपवर तू आधीच २४.०४ टाकलं आहेस. काही पुसू नकोस.

लॅपटॉपवर हंबल आणि पायवर जॅझी असं मात्र करू नकोस. एकाच नेटवर्कवर ते एकमेकांना दिसतात, थोडंफार बोलतातसुद्धा, आणि मग भलत्याच ठिकाणी अडतात. दोन वेगळ्या आवृत्त्यांमधलं बोलणं चालेलच याची हमी रॉसचे लोक देत नाहीत. दोन्हीकडे तेच उबंटू, तेच रॉस. गटातल्या चौघांच्या लॅपटॉपवरही तेच.

पायवर डेस्कटॉप नको, सर्व्हरची ६४ बिटची फाईल घे. चित्रं लॅपटॉपवर बघायची, पायने फक्त गाडी चालवायची.

जुना_पेंग्विन
पाय ५ असेल तर माझं हंबल मागे. बोर्ड विचारल्याशिवाय उत्तर दिलं ते चुकलं. जॅझीच घे. रास्पबेरीची स्वतःची ओएस टाकायचा मोह होईल, कार्ड लिहायच्या प्रोग्राममध्ये तीच पहिली दिसते. ती डेबियनवरची आहे, तिथे जॅझीची तयार पॅकेजं मिळत नाहीत. यादीत खाली उतरून उबंटू निवड.

आणि जुन्या धड्यांतली भांडाराची किल्ली जोडायची पायरी तशीच करू नकोस. ती किल्ली २०२५ मध्ये बदलली. आता एक छोटं पॅकेज टाकलं की भांडार आणि किल्ली दोन्ही लागतात. रॉसच्या अधिकृत पानावर जे लिहिलंय तेच कर.

निळी_होडी
जॅझी! आनंद झाला. आता २४.०४ची दोन दुखणी आधीच सांगून ठेवतो. पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, काही टाकायला गेलास की "बाहेरून सांभाळलेलं वातावरण" अशी तक्रार येईल. तो बिघाड नाही. सिस्टीमच्या पायथनला हात लावू देत नाहीत म्हणून आहे. जे उबंटूच्या भांडारात आहे ते तिथूनच घे, उरलेल्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. जबरदस्ती करायचा पर्याय नेटवर दिसेल, तो नको.

दुसरं, लिडार लावल्यावर "परवानगी नाही" म्हणेल. तुझं नाव डायलआउट गटात घाल आणि पुन्हा लॉगिन कर. बऱ्याच जणांचा हा दुसरा भाग राहतो आणि मग सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, सगळं चालवत बसतात.

मास्तर_राजापूर
पाय ५ म्हटल्यावर माझेही दोन शब्द. सिनियरांच्या कोडमध्ये बोर्डाच्या पिना वापरणारी आरपीआय.जीपीआयओ ही लायब्ररी असेल, बहुतेक बंपरच्या स्विचसाठी. पाय ५वर पिना वेगळ्या चिपमधून जातात, आरपी१ म्हणतात तिला, आणि ती जुनी लायब्ररी तिथे चालत नाही. जीपीआयओ झीरो किंवा एलजीपीआयओ वापर.

आणि वीज. पाय ५ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा पुरवठा लागतो. तो मिळतोय असं बोर्डाला दिसलं नाही तर यूएसबीवरचा एकूण प्रवाह ते ६०० मिलीअँपिअरवर अडवतं. मोबाईलच्या चार्जरवर लिडारची मोटर घुटमळायला लागली तर उबंटूला दोष देऊ नकोस, आधी पुरवठा बघ.

खाडीकाठ
मास्तर, हे दोन्ही मुद्दे माझ्याकडून राहिले होते.

कातळावरचा, सॉफ्टवेअरशी संबंध नाही तरी आत्ताच सांगते. ए१ लिडार थेट उन्हात नीट चालत नाही, बनवणारेही तसंच सांगतात. कलमांच्या सावलीत ठीक, पण एप्रिलच्या दुपारी उघड्या कातळावर तो आंधळा होईल. चाचण्या सकाळी लवकर घ्या, आणि उघड्या वाटेसाठी वेगळा उपाय योजा. चढावर त्याची आडवी किरणं समोरच्या जमिनीलाच लागतील, तिथेही गाडी भिंत समजून थांबेल.

कातळावरचा
दीड महिन्याने परत येतोय. मध्ये परीक्षा होती.

होस्टेलवर एका रात्रीत दोन्हीकडे सगळं उतरवलं. २४.०४, जॅझी, वाट काढायला नॅव्ह२, नकाशा करायला स्लॅम टूलबॉक्स. या वेळी "सापडत नाही" एकदाही आलं नाही. लिडारचा ड्रायव्हर सोर्सवरून बांधला, त्याला काही मिनिटंच लागली. डायलआउटचं केलं, पुन्हा लॉगिन केलं. सिनियरांचा कोड मोजला तर गाडीच्या कामाच्या खऱ्या फाईली तीनच निघाल्या. त्या रॉस २मध्ये आम्ही नव्याने लिहिल्या, पीआयडीचे आकडे मात्र त्यांचेच ठेवले. मोटरी त्याच आहेत आणि आकडे अजून बरोबर लागतात. बंपरचा स्विच मास्तरांनी सांगितलं त्याच कारणाने अडला होता, लायब्ररी बदलल्यावर चालला. नवीन आवृत्तीची सूचना "कधीही नाही" केली आहे, आणि कार्डाची प्रतिमा दोन ठिकाणी ठेवली आहे.

काल गाडी घरी आणली. खळ्यात बाबांनी दोन रिकामे क्रेट ठेवले, मग त्यात नारळ भरले. लॅपटॉपच्या पडद्यावर खळ्याचा नकाशा हळूहळू उमटत होता: तुळशीवृंदावन एक चौकोनी ठिपका, पडवीचे चार खांब चार टिंबं. मी पडवीच्या टोकाला एक खूण केली आणि गाडी निघाली. तुळशीला वळसा घालून, खांबापासून हातभर अंतर ठेवून ती शेडच्या दारात येऊन थांबली. बाबा काही बोलले नाहीत. क्रेट उचलून पुन्हा मागे नेऊन ठेवले आणि म्हणाले, "परत एकदा."

कलमांना मोहोर आलाय. आंबा उतरेपर्यंत चढ सोडवायचा आहे. चाकांना रबर कोणतं लावावं, यासाठी वेगळा धागा काढतो.

मालवणी_मसालो
नारळ भरून चालली? मगे आंबो काय, सहज नेतली. धागो काढ, मी आसय.

बाणकोटची_वाळू
लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न आहे, गाडीचं नाव काय ठेवलं?

कातळावरचा
अजून ठेवलं नाही. तिलाच विचारा, ती सुचवेल ते ठेवतो.

बाणकोटची_वाळू
"टोपली" म्हणते. टोपली उचलली की पिल्लं निघतात ना, म्हणून.

कातळावरचा
ठरलं. उद्या पुढच्या पट्टीवर रंगवतो.